पन्नाभाऊंच्या भिंतीवरचे मासे

पन्नाभाऊ पाणी तीनदा गाळून पीत, सूर्य मावळला की सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत, आणि ओट्यावर मुंगी दिसली तर तिला वर्तमानपत्राच्या कागदावर चढवून तिच्या घराच्या दिशेने नेऊन सोडत. मुंगीचं घर कोणत्या दिशेला आहे, हे ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखत असावेत. अशा या पन्नाभाऊंच्या बैठकीच्या खोलीत चारही भिंतींवर मासे धरायच्या गळांच्या जाहिराती लावलेल्या होत्या.

एक-दोन नव्हेत. मी मोजल्या तेव्हा सदतीस होत्या. काही पत्र्याच्या पाट्या, काही पुठ्ठ्याची मोठी कार्डं, आणि दोन तर दुकानाच्या गल्ल्यावर उभे करायचे पुठ्ठ्याचे साहेब. एका साहेबाची काठी कमानीसारखी वाकलेली, दुसऱ्याच्या हातात वासराएवढा मासा. इकडे मासा पाण्याबाहेर उडी मारतोय, तिकडे मासा गळाकडे प्रेमाने बघतोय. आणि या सगळ्यांच्या मधोमध गादीवर लोडाला टेकून, पांढरी टोपी घालून पन्नाभाऊ. धुळ्यातल्या चांगल्या चालत्या लोखंडी सामानाच्या दुकानाचे मालक, आणि देवळात रोज न चुकता जाणारे जैन.

मी धुळ्याला आलो तो भूगोलाचा मास्तर म्हणून, साठ सालानंतर लवकरच. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत पन्नाभाऊंच्या घराच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. भाड्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. अट एकच होती.

"मास्तर, घरात मासा शिजणार नाही."

माझी बायको मालवणकडची. तिने पदर तोंडाला लावून कसंबसं हो म्हटलं. मग खाली बैठकीत सरबताला बोलावलं म्हणून आम्ही गेलो, आणि ती उंबऱ्यातच थांबली. सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवून माझ्या कानाशी म्हणाली, "घरात मासे नाहीत कोण म्हणतं? एवढे मासे मी माहेरी एका ठिकाणी बघितले नाहीत."

पन्नाभाऊंनी ते ऐकलं असावं. त्यांना राग आला नाही, उलट चेहरा खुलला.

"चित्राला पाप नाही, बाई. तुम्ही नुसता कलर बघा कलर!"

ही त्यांची दोन वाक्यं पुढे मी हजार वेळा ऐकली. कोणी नाक मुरडलं की 'चित्राला पाप नाही', आणि कोणी नुसतं बघितलं की 'कलर बघा कलर!' पन्नाभाऊ घरात मारवाडी बोलत, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि माझ्याशी शाळेची मराठी. पण कलर हा शब्द तिन्ही भाषांत तोच.

पाट्यांवरचं इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ते त्यांची मुलगी सुशीला वाचून दाखवी. ती तेव्हा मॅट्रिकला होती. घरात एवढं मोठं शब्दांचं भांडार असूनही तिच्या इंग्रजीच्या पेपरात गळ, दोरा आणि मासा यांच्यावर कधी निबंध आला नाही, याची पन्नाभाऊंना खंत होती.

एका पाटीवर निळंभोर तळं होतं आणि मागे बर्फाचा डोंगर. काठावर एक मोठा आणि एक लहान, असे दोघं बसलेले. ती पाटी त्यांच्या गादीच्या बरोबर समोर. मी भूगोलाचा माणूस. पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "पन्नाभाऊ, हे स्वित्झर्लंडमधलं सरोवर आहे. मागे आल्प्स."

"असं?" ते म्हणाले. "बरं झालं मास्तर तुम्ही भेटलात."

तेव्हापासून घरी पाहुणा आला की मला खाली बोलावणं यायचं. मी छडी घेऊन आल्प्स पर्वत समजावून सांगायचो आणि पन्नाभाऊ मान डोलावत ऐकायचे.

आता गळांचं. पुठ्ठ्याच्या कार्डावर खरे गळ दोऱ्याने बांधलेले असत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. असं कार्ड घरी आलं की पन्नाभाऊ रविवारी दुपारी बोटांना चिंध्या गुंडाळून बसत आणि एकेक गळ चिमट्याने सोडवत. सोडवलेला गळ वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात. डबा भरला की झाकणाच्या कडेने मेण. असे तीन डबे त्यांच्या पलंगाखाली होते.

"फेकून का देत नाही?" मी विचारलं.

"फेकला तर कोणाला तरी सापडेल ना! इथे असला की कोणाच्या घशात जात नाही."

"म्हणजे जीवहिंसा टाळायची म्हणून तुम्ही खानदेशातले सगळ्यात जास्त गळ जमवले आहेत."

"जास्त आहेत ना?" ते खूश झाले. "तेवढे मासे वाचले."

मी जरा तर्क लढवला. म्हटलं, तुम्ही गळ विकत घेता, म्हणून कारखानदार आणखी गळ करतो. दोन दिवस पन्नाभाऊंचं दुकानातही मन लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना जिना चढून वर आले.

"मास्तर, मी विकत नाही घेत. बदली बादली देतो. बादलीने मासा मरत नाही."

आणि ते खरं होतं. पन्नाभाऊ गावाला निघाले की त्यांच्याबरोबर एक नवी बादली आणि एक कोरा पत्रा असायचाच. पाटी दिसली की बादली पुढे. पाटी झाकणाला किंवा छपराला वापरलेली असली तर तेवढ्याच मापाचा कोरा पत्रा. एकदा साक्रीच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एक म्हातारी नदीचे मासे विकत होती आणि टोपलीवर झाकण म्हणून तिने एक पाटी उपडी टाकलेली. पन्नाभाऊंना कडेचा लाल रंग तेवढा दिसला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आजी, हाई पाटी माले दे."

"मंग मासा कसानं झाकू?"

पन्नाभाऊंनी कोरा पत्रा पुढे केला. म्हातारीने पत्रा वाजवून बघितला, मग पन्नाभाऊंच्या पांढऱ्या टोपीकडे बघितलं. असला माणूस मासा खातो, यावर तिचा विश्वास बसेना.

"मासा खास का रे तू?"

"नही वं माय."

"मंग पाटीनं काय करशी?"

"देखसू."

म्हातारी शेजारणीकडे वळून म्हणाली, "येडा शे." पण पाटी तिने पाण्याने खळखळून धुऊन दिली.

धुतली तरी वास जायचा तो गेलाच नाही. येताना एसटीत पन्नाभाऊंनी पाटी स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतली. गाडी सुटून थोडी पुढे गेली आणि कंडक्टर ओरडला, "मासळीची टोपली कोणाची आहे? वर टपावर टाका!" सगळी गाडी वळून वळून बघायला लागली. पन्नाभाऊंकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्या टोपीकडे आणि कपाळावरच्या केशराच्या टिळ्याकडे बघून संशय घेणार तरी कोण? मी खिडकीबाहेर बघत बसलो. पण पन्नाभाऊ उभे राहिले.

"टोपली नाही, पाटी आहे. माझी आहे."

धुळं येईपर्यंत आमच्या पुढचे दोन आणि मागचे दोन बाक रिकामे होते. त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. जमतच नसे म्हणा ना. दुकानात बिजागरी हलकी असली तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगत, "ही दोन वर्षांत तुटेल," आणि मग विकत.

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नव्हता. भुसावळला रेल्वेच्या साहेबांसाठी बंदुकीची काडतुसं आणि मासे धरायचं सामान ठेवणारं एक जुनं दुकान होतं. साहेब गेले तसं दुकानही मिटत चाललेलं. मालक म्हातारे होते. एकदा आम्ही तिथे गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासमोर काचेची एक पेटी ठेवली. थेट इंग्लंडमधून आलेली. आत प्लास्टरचा मासा, खवला खवला रंगवलेला, जिवंत वाटावा असा. मी तर म्हणणार होतो, बादली आणि पत्रा दोन्ही देऊन टाका.

पन्नाभाऊंनी पेटी चारी बाजूंनी बघितली. "कलर छान आहे," म्हणाले. "पण आपलं नाही."

आणि गल्ल्याच्या मागे कोळिष्टकांत पडलेलं एक ओल लागलेलं, अर्धं फिकट झालेलं पुठ्ठ्याचं कार्ड त्यांनी छातीशी धरलं. परतीच्या गाडीत मी चिडून विचारलं, "यात काय आहे एवढं?" ते नुसते हसले. कार्डावरची धूळ फुंकत राहिले.

मला वाटलं, छंद म्हटला की थोडं डोकं फिरायचंच.

पन्नाभाऊंच्या पत्नीला, केसरभाभींना, या छंदाचा त्रास नव्हता असं कसं म्हणू? देवळात बायका बोलत. पण भाभींनी कधी तक्रार केली नाही. रोज सकाळी त्या स्वतः सगळ्या पाट्या कोरड्या फडक्याने पुसत. माझी बायको म्हणे, "मी असते तर एव्हाना रद्दीत घातल्या असत्या." भाभी हसून विषय बदलत.

पहिल्यांदा त्या बोलल्या ते सुशीलाला बघायला जळगावची मंडळी येणार ठरलं तेव्हा. मुलगा चांगला, घर मोठं, कापसाचा व्यापार. आणि मुलाचे आजोबा अतिशय धार्मिक. भाभी एवढंच म्हणाल्या, "एका दिवसापुरत्या वर मास्तरांकडे ठेवू या."

पन्नाभाऊंनी मान हलवली. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः एकेक पाटी काढली आणि आम्ही सगळ्यांनी ती जिन्यावरून वर नेली. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली, फडताळामागे, जिथे तिथे मासे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेवटी घरात मासे आलेच."

आम्ही हसत होतो तेवढ्यात खालून भाभींची हाक आली. खाली जाऊन बघतो तर बैठकीच्या भिंतींवर सदतीस चौकोन! वर्षानुवर्षांच्या धुराने आणि उन्हाने भिंत पिवळट झालेली, आणि पाट्यांखालची जागा तेवढी पांढरीस्वच्छ. पाट्या होत्या तेव्हा निदान पाट्या दिसत होत्या. आता त्या नाहीत हे जास्त दिसत होतं.

सफेदी करायला वेळ नव्हता. शेजारपाजारची कॅलेंडरं आली, एक आरसा आला. मी शाळेतून जगाचा नकाशा आणि पचनसंस्थेचा तक्ता आणला. पुठ्ठ्याच्या साहेबाच्या जागी मोठं आतडं आलं. तरीही वीसेक चौकोन उघडेच राहिले.

मंडळी आली. बोलणं चांगलं चाललं होतं. सुशीला सरबत देऊन गेली, मुलाच्या चेहऱ्यावर पसंती दिसत होती. मुलाच्या आजोबांची नजर मात्र भिंतीवर फिरत होती.

"शेठ, या जागा कसल्या?"

मी घाईने म्हणालो, "ते काय आहे, भिंतीचं जरा काम..."

"जाहिराती होत्या," पन्नाभाऊ म्हणाले. "मासे धरायच्या गळांच्या."

आजोबांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"दुकानात विकता?"

"नाही."

"मग घरात कशाला?"

पन्नाभाऊंनी तोंड उघडलं. एकेका पाटीवर तासभर बोलणारा माणूस. मला वाटलं आता येणार, 'चित्राला पाप नाही'. पण त्यांनी तोंड मिटलं. आतल्या दाराआड भाभी उभ्या होत्या, त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"कारण आहे. पण मला ते सांगता येत नाही."

मंडळी चांगली होती. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. आठ दिवसांनी पत्र आलं, योग दिसत नाही म्हणून.

पन्नाभाऊंनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुकानात गेले. पाट्या परत मागायला ते वर आले नाहीत. मीच दोनदा म्हटलं, आणून देतो. "राहू द्या," म्हणाले. त्या पांढऱ्या चौकोनांमध्ये, जगाच्या नकाशाखाली ते बसून असत. मुंगी दिसली तरी लक्ष नसे. सुशीला वडिलांशी बोलेना. स्थळ गेलं याचं तिला वाईट वाटलं असेलच, पण तिचा राग वेगळा होता. मला म्हणाली, "मास्तर, मला सांगता येणार नाही असं काय कारण आहे? मीच वाचून दाखवते ना सगळ्या पाट्या?"

एका दुपारी भाभी आमच्याकडे वर आल्या. सुशीला माझ्या बायकोबरोबर शेवया करत बसली होती. भाभींनी ओट्याखालून एक पाटी ओढून काढली, पदराने पुसली आणि सुशीलासमोर धरली.

"हे तुझ्या मोठ्या काकांनी काढलंय."

"मला कोण मोठे काका?"

मग भाभी खाली बसल्या आणि त्यांनी सांगितलं. पन्नाभाऊंना एक थोरले भाऊ होते. मोतीलाल. लहानपणापासून हातात कोळसा, दिसेल त्या भिंतीवर चित्रं. वडिलांनी दुकानात बसवलं तर पत्र्यांच्या पाठीवर चित्रं. एक दिवस ते मुंबईला पळाले आणि एका छापखान्यात चित्रं काढायला लागले. तिथवरही वडिलांनी सोसलं असतं. पण मोतीलालनी वसईच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं. वडिलांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली आणि धाकट्या पन्नाकडून शब्द घेतला. त्याचं नाव तोंडातून काढणार नाहीस. त्याला चिठ्ठी लिहिणार नाहीस. त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाहीस.

"सासरे गेले," भाभी म्हणाल्या. "शब्द राहिला. मग एकदा दुकानात मुंबईचा विक्रेता आला. त्याच्याजवळ एक गळांचं कार्ड होतं. यांनी बघितलं आणि विचारलं, चित्र कोणी काढलं? तो म्हणाला, आमच्या कंपनीची मासळीची चित्रं एक मारवाडी काढतो. बस. तेव्हापासून हे सुरू."

भुसावळच्या त्या काचेच्या पेटीकडे बघून पन्नाभाऊ 'आपलं नाही' का म्हणाले, ते मला त्या दुपारी कळलं.

सुशीलाने पिठाचे हात धुतले. "मी तर कोणाला शब्द दिलेला नाही," म्हणाली.

पाटीच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव आणि पत्ता बारीक अक्षरात होता. तिने माझ्याकडून आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथेच बसून लिहिलं. काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग एका रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. उंच, वाकलेला, जाड चष्म्याचा एक माणूस उतरला. हातात कापडी पिशवी. मी माडीच्या खिडकीत होतो. खाली ओट्यावर पन्नाभाऊ दाढी करून घेत बसले होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी मान वर केली. न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला म्हणून बरं.

त्या माणसानेच विचारलं, "पन्ना, येऊ का आत?"

पन्नाभाऊ उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येईना. त्यांची अडचण मला वरून कळत होती. नाव घ्यायचं नाही. मग हाक कशी मारणार?

"भाईजी," ते एकदम म्हणाले. आणि माझ्याकडे वर बघून मोठ्याने, जणू मीच पंच होतो, "मास्तर, भाईजी हे काही नाव नाही! नातं आहे!"

"अगदी बरोबर!" मी ओरडलो.

"आणि आपल्या घरात कोण येईल त्याबद्दल काही शब्द नव्हता!"

"मुळीच नव्हता!"

मग त्यांनी भावाच्या हातातली पिशवी घेतली. साबणाचा फेस भावाच्या खांद्याला लागला, तो दोघांनीही पुसला नाही.

त्या दुपारी आम्ही सदतीसच्या सदतीस पाट्या खाली आणल्या. प्रत्येक पाटी तिच्या चौकोनात बरोबर बसली. मोतीलालभाऊ पाठीमागे हात बांधून एकेकीसमोर उभे राहात होते. पन्नाभाऊ शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे मागे.

"या माशाचा कल्ला चुकलाय. हा साहेब माझ्या छापखान्याच्या मॅनेजरसारखा झालाय, त्याला राग आला होता. हे कुठे मिळालं तुला?"

"साक्रीला. एक पत्रा दिला."

"महाग पडलं."

दोघं हसले. मग ते गादीसमोरच्या निळ्या तळ्याच्या पाटीपाशी आले. ही माझी पाटी. सवयीने मी पुढे झालो. "हे स्वित्झर्लंडमधलं सरोवर. मागे आल्प्स."

मोतीलालभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा आपल्या इथला नकाण्याचा तलाव आहे. मागे लळिंगचा डोंगर. साहेब म्हणाले, विलायती वाटत नाही, वर बर्फ टाका. टाकला."

मी पन्नाभाऊंकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. चार वर्षं! चार वर्षं मी छडी घेऊन या माणसाच्या पाहुण्यांना लळिंगच्या किल्ल्यावरचे हिमप्रपात समजावून सांगत होतो.

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलं."

मोतीलालभाऊ पाटीवरच्या काठावर बसलेल्या दोघांवर बोट ठेवून सुशीलाला म्हणाले, "हा मी. हा तुझा बाप. आम्ही चालत जायचो तलावावर. बघ, याच्या हातात मी गळ दिलेला नाही. नुसता बसवलाय शेजारी. दिला असता तर आमच्या वडिलांनी चित्रातसुद्धा मारलं असतं त्याला."

सुशीलाने पुढे होऊन बघितलं. मग दुसऱ्या पाट्यांकडे वळली. आम्हीही वळलो. जिथे जिथे तळ्याचा काठ होता, तिथे कुठेतरी एक लहान मुलगा नुसता बसलेला होता. रिकाम्या हातांचा.

मोतीलालभाऊ आठ दिवस राहिले. जाताजाता एक गोष्ट सांगून टाकतो. सुशीलाचं पुढच्या वर्षी मालेगावला ठरलं. ते लोक बघायला आले तेव्हा पाट्या भिंतीवरच होत्या. "या काय?" त्यांनी विचारलं. "माझ्या भाईजींनी काढल्यात," पन्नाभाऊ म्हणाले. "वा," ते लोक म्हणाले, आणि हुंड्याच्या नव्हे, हवामानाच्या गप्पा सुरू झाल्या.

मोतीलालभाऊ निघाले त्या सकाळी आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागली. पिशवी वर ठेवली. मोतीलालभाऊ पायरीवर थांबून म्हणाले, "ती वाट बघत असेल. तीस वर्षं म्हणतेय, तुमच्या घरचं एक माणूस मला दाखवा. तू येशील कधी?"

पन्नाभाऊ येणार कसे? शब्द तो शब्द. गाडी सुरू झाली. कंडक्टरने घंटी दिली.

आणि पन्नाभाऊ पळाले. त्या वयात, धोतर एका हाताने सावरत, चालत्या गाडीत चढले! दारातून आम्हाला ओरडून सांगितलं, "शब्द उंबरा न ओलांडण्याचा आहे! उंबऱ्यापर्यंत न जाण्याचा नाही!"

भाभींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "अंगावरच्या कपड्यांनिशी गेले. पाण्याचं गाळणं तरी न्यायचं."

सहा दिवसांनी ते परतले. संध्याकाळ व्हायची होती. मी शाळेतून येत होतो, तर ओट्यावर एकटेच बसलेले. मी शेजारी बसलो. विचारलं, "कसं झालं?"

"कोळीवाडा आहे, मास्तर. जिकडे तिकडे काठ्यांवर बोंबील वाळत. पण भाईजींच्या अंगणात एक नाही. मी येतोय अशी चिठ्ठी कुठे गेली होती? कोणीतरी गल्लीतून पळत जाऊन सांगितलं असणार. आम्ही पोचेपर्यंत वहिनींनी सगळे उचलून शेजारी नेले होते."

"आणि तुम्ही आत गेला नाहीत?"

"नाही. अंगणात बसलो. मग वहिनींनी शेगडी अंगणात आणली. नवी भांडी आणली बाजारातून. पाट आणले. रात्री झोपायला मी तिथल्या देवळाच्या धर्मशाळेत जायचो. पण दिवसभर बठ्ठं, सगळं घर अंगणात. मुलं, सुना, बठ्ठे. मी आत जात नाही म्हणून घरात कोणी जाईचना."

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"दुसऱ्या दिवशी पावसाची सर आली. मोठी. बठ्ठे पळाले आत. वहिनी दारातून म्हणाल्या, भावजी, आत या. मी म्हटलं, नाही येता येत. मी वडिलांना शब्द दिलाय. वहिनींना वाईट वाटेल, रागावतील, असं वाटलं. मी तर तोपर्यंत त्यांचं तोंडही धड बघितलं नव्हतं. मान खाली घालून बसलेलो, भिजत."

"मग?"

"मग त्या छत्री घेऊन बाहेर आल्या. म्हाताऱ्या आहेत हो, गुडघे धरलेत. माझ्या शेजारी पाटावर बसल्या, छत्री माझ्या डोक्यावर धरली. स्वतः अर्ध्या भिजत होत्या. म्हणाल्या..."

पन्नाभाऊंनी टोपी काढली, उगाच आत बघितलं, आणि पुन्हा घातली.

"म्हणाल्या, भावजी, तुम्ही शब्द पाळा. मी छत्री धरते."